पात्राचा पोशाख कोणी करायचा?

शाळेतून किंवा वाचनालयातून एक दिवस चिठ्ठी येते की अमुक वारी मुलांनी आपल्या आवडत्या गोष्टीतले पात्र बनून यावे. चिठ्ठी दोन ओळींची असते, पण ती घरात आल्यावर जे काही सुरू होते त्याकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहत नाही, असे मला वाटते. कोणी तयार पोशाख मागवतो, कोणी भाड्याने आणतो, कोणाच्या घरी आई रात्री जागून शिवणयंत्रावर बसते, आणि ज्या मुलासाठी हे सगळे चालले आहे ते मूल त्या वेळी गाढ झोपलेले असते. सकाळी त्याला उठवून कपडे चढवले जातात, दारात उभे करून फोटो काढला जातो, आणि 'तू कोण झाला आहेस ते नीट सांग' असे पढवून त्याची पाठवणी होते. दुपारी पोशाख उतरतो आणि कपाटाच्या वरच्या फळीवर जातो. पुस्तक या सगळ्यात कुठे होते, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही.

तो प्रश्न मला विचारायचा आहे. गोष्टीतल्या पात्राचा पोशाख करणे हा वाचनाचाच एक प्रकार आहे आणि म्हणून तो मुलानेच करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. मोठ्यांनी कात्री धरावी, सुईत दोरा ओवून द्यावा, गरम इस्त्री आपल्या हातात ठेवावी. पण पात्र कोणते, त्याच्या अंगावर काय असेल आणि ते का असेल, हे मुलाने गोष्टीतून शोधून काढायला हवे. हे होत नसेल तर पोशाख विकतचा की घरी शिवलेला, याने मोठासा फरक पडत नाही. आणि हे व्हावे म्हणून काय करायचे याची जबाबदारी घरापेक्षा चिठ्ठी पाठवणाऱ्या संस्थेवर जास्त आहे, हे माझ्या म्हणण्याचे दुसरे अंग आहे.

घरी केलेल्या पोशाखाची आठवण गोष्टींनी स्वतःच जपून ठेवली आहे. आपल्याकडच्या टोपीवाल्या उंदराची गोष्ट घ्या. त्याला वाटेत कापडाचा एक तुकडा सापडतो. तो तुकडा तसाच डोक्यावर टाकून तो मिरवत नाही. आधी धोब्याकडून धुवून घेतो, मग रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून शिवून घेतो, वर गोंडे लावून घेतो, आणि मगच ढोलके वाजवत राजाच्या दारी जाऊन 'राजाच्या टोपीपेक्षा माझी टोपी छान' असे गातो. ही टोपी सुंदर का, तर ती चार हातांतून, चार खटपटींतून तयार झाली म्हणून. दूर इटलीत १८८३ साली पुस्तकरूपाने आलेल्या कार्लो कोलोदीच्या पिनोकिओच्या गोष्टीतही असाच एक प्रसंग आहे. लाकडी मुलाला शाळेत जायचे आहे आणि अंगावर घालायला काही नाही. त्याला घडवणारा म्हातारा जेपेत्तो, म्हणजे त्याचा बाप, कफल्लक आहे. तो फुलाफुलांच्या कागदाचा सदरा करतो, झाडाच्या सालीचे जोडे करतो आणि पावाच्या आतल्या मऊ गराची टोपी करतो. पिनोकिओ पाण्यात आपले प्रतिबिंब पाहतो आणि हरखून जातो. आज कोणी पिनोकिओचा तयार पोशाख घेतला तर त्यात कागद नसतो, साल नसते आणि पावाची टोपी तर नसतेच. त्या तीन वस्तूंतच बापाची गरिबी आणि त्याची माया दोन्ही होती. त्या काढून टाकल्या की उरते ती फक्त एक पिवळी टोपी आणि लांब नाक.

तयार पोशाखाविरुद्ध माझा मुख्य आक्षेप इथे आहे. तो महाग असतो, एकदाच वापरला जातो, बहुतेक वेळा पातळ पॉलिएस्टरचा असतो आणि टाकून दिल्यावर वर्षानुवर्षे कुजत नाही, या गोष्टी खऱ्याच आहेत आणि त्या अनेकांनी सांगून झाल्या आहेत. मला अधिक बोचते ते हे की तो पोशाख मुलाच्या वतीने पुस्तक वाचून मोकळा झालेला असतो. पाकीट उघडले की पात्र तयार. शिवाय ते वाचन पुष्कळदा पुस्तकाचे नसतेच, पडद्याचे असते. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या ऑझ या जादूच्या देशाच्या पुस्तकात डोरोथी या मुलीच्या पायांत चांदीचे जोडे आहेत. १९३९ सालच्या रंगीत चित्रपटात ते लाल माणकांचे झाले आणि आज दुकानात तिच्या नावाने लालच जोडे मिळतात. जे. एम. बॅरी यांचा पीटर पॅन १९११ सालच्या कादंबरीत जाळी पडलेली पाने आणि झाडांतून पाझरणारा रस अंगावर ल्यायलेला आहे. बाजारातला पीटर हिरवा सदरा आणि पीस खोवलेली टोपी घालतो. 'ॲलिस इन वंडरलँड'मधल्या ॲलिसची १८६५ सालची चित्रे जॉन टेनिएल यांनी काळ्या-पांढऱ्या रेषांत काढली होती, म्हणजे तिच्या झग्याला रंगच नव्हता. लहान मुलांसाठी १८९० साली त्यातली काही चित्रे रंगवून काढली तेव्हा झगा पिवळा होता. आज ती निळ्या झग्यातच ओळखली जाते. सिंड्रेलाचे पाऊल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ सालच्या कथेत काचेच्या जोड्यात आहे, तर ग्रिम बंधूंच्या कथेत सोन्याच्या.

चित्रपटाने जोड्यांचा रंग बदलला यात काही पाप नाही. प्रत्येक सांगणारा गोष्ट नव्याने सांगतो आणि सांगावीच. माझा मुद्दा इतकाच की इथे निवड करायला जागा होती, हेच तयार पोशाख घालणाऱ्या मुलाला कळत नाही. चांदीचे जोडे करायचे की लाल, झगा पिवळा की निळा, जोडा काचेचा असेल तर तो घालून चालता येईल का आणि येत नसेल तर आपण काचेसारखे दुसरे काय वापरू, हे सगळे प्रश्न कोणीतरी आधीच सोडवून टाकलेले असतात. पुस्तकात एखाद्या पात्राच्या कपड्यांचे वर्णनच नसते तेव्हा तर हे आणखी खटकते. लेखकाने मोकळी सोडलेली जागा ही वाचकाची जागा असते, आणि मूल हा वाचक असेल तर ती त्याची आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला असाच एक पोशाख करून द्यायचा होता आणि तो मी एकटीने केला. मला शिवण चांगली येते. कापड नीट बेतले, अस्तर लावले, काजे हाताने केली. सगळ्यांनी वाखाणणी केली. कार्यक्रमात एका बाईंनी त्याला प्रेमाने विचारले, 'तू हा पट्टा का बांधलास रे?' आणि तो माझ्याकडे पाहू लागला. पट्टा का, हे त्याला माहीत नव्हते, कारण तो निर्णय माझा होता. मुलगा लाजाळू नव्हता, त्याला ती गोष्ट तोंडपाठ होती, पण अंगावरच्या एकाही वस्तूबद्दल त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. तो क्षण मी विसरलेले नाही.

म्हणून पुढच्या वेळी, त्याच्या धाकट्या बहिणीच्या पाळीला, मी कापड फाडण्याआधी थांबले. ती सहा वर्षांची होती आणि तिला टोपीवाला उंदीर व्हायचे होते. मी करड्या रंगाचे लवदार कापड काढून ठेवले होते, कान आणि मिशा मनात ठरवून टाकल्या होत्या. ती म्हणाली, "मावशी, उंदीर तर कितीतरी असतात. तो टोपीमुळे तो आहे." म्हणजे आधी टोपी. मग टोपी केवढी, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. त्याला कापडाचा तुकडाच सापडला होता, अख्खे कापड नाही, म्हणून टोपी लहानच असायला हवी, असा तिचा आग्रह होता. लहान टोपी डोक्यावर राहत नाही, ही माझी अडचण होती. शेवटी टाळूपुरती छोटी टोपी करून तिला हनुवटीखालून सैल इलास्टिक लावायचे ठरले, आणि ओढले तर चटकन सुटावे म्हणून ते एका बाजूने टिचबटणावर ठेवले. रंगाचीही तीच गत. तिने पांढरा तुकडा स्वतः धुतला, रंगाच्या पाण्यात बुडवला आणि दोरीवर घातला. वाळल्यावर त्यावर डाग पडलेले दिसले. मी पुन्हा रंगवू या म्हणाले, तर ती म्हणाली, "नको. उंदराने त्याला शिपायांची भीती घातली होती ना, म्हणून त्याने घाईघाईत रंगवलं."

त्या वाक्यापाशी मी पुष्कळ वेळ रेंगाळले आहे. गोष्टीत रंगारी आधी नाही म्हणतो आणि उंदीर त्याला राजाचे शिपाई आणून मार देववीन अशी धमकी देतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या धमकीचा परिणाम कापडावर दिसेल, हे मला कधी सुचले नव्हते. डाग पडलेल्या कापडाने तिला गोष्टीत एक पायरी खोल उतरवले. हेच आपण मोठ्या मुलांना धड्याखालच्या प्रश्नांतून शिकवू पाहतो, की पात्राने असे का केले असेल, त्या वेळी त्याच्या मनात काय चालले असेल; आणि इथे ते एका ओल्या चिंधीमुळे आपोआप झाले.

गोंडे तिनेच केले. तीन बोटांभोवती लोकर गुंडाळायची, मध्ये घट्ट बांधायची, दोन्ही टोके कापायची. चार केले, त्यांतला एक ढिला होता. शेपटी जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून केली आणि ती घोट्यापर्यंत आली. ती घालून तिला जमिनीवर मांडी घालून बसायला, जिना चढायला आणि दोन उड्या मारायला सांगितले. दुसऱ्याच उडीला शेपटी पायाखाली आली. मग गुडघ्याच्या वर येईल इतकी आखूड केली आणि कमरेच्या इलास्टिकला टाक्यांनी पक्की केली, सेफ्टी पिनने नव्हे. टोपीच्या शिवणीत मी अर्धा इंच माया, म्हणजे जास्तीचे कापड, ठेवली आणि मागची शिवण कच्च्या धावदोऱ्याची केली, म्हणजे पुढे ती उसवून टोपी मोठी करता येईल. तिने घातलेले टाके वेडेवाकडे होते. ते मी रात्री उसवून नीट केले नाहीत, आणि त्यासाठी मला स्वतःला आवरावे लागले.

व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ सालच्या एका व्याख्यानात खेळाबद्दल जे सांगितले त्यात काठीच्या घोड्याचे उदाहरण आहे. काठीवर स्वार झालेल्या मुलाला काठी पुरते. वस्तूपासून अर्थ सोडवून घ्यायला त्याला एवढाच आधार लागतो. काठी घोड्यासारखी दिसत नाही, पण तिच्यावर टांग टाकता येते, आणि घोडा होण्यासाठी तेवढे बस होते. पोशाखालाही मला हीच कसोटी लावावीशी वाटते. उंदराचा हुबेहूब मुखवटा मुलाच्या कल्पनेला काही काम ठेवत नाही. एक टोपी आणि पुठ्ठ्याचे ढोलके दिले की उरलेला उंदीर ते स्वतः उभा करते.

आता दुसरी बाजू. 'घरी करा' हा उपदेश ऐकायला गोड आणि पाळायला अवघड आहे, हे मला मान्य आहे, आणि त्यातला अवघड भाग कोणाच्या वाट्याला येतो हेही उघड आहे. बहुतेक घरांत तो आईच्या वाट्याला येतो. दिवसभर नोकरी, परतल्यावर स्वयंपाक, आणि मग उद्याच्या कार्यक्रमासाठी पंख. चिठ्ठी तीन दिवस आधी आलेली असते. घरात सुईदोरा नसतो, शिवता येणारे माणूस नसते, रात्रपाळी असते, आजारपण असते, एकट्या पालकावर दोन-तीन मुले असतात. अशा घराने एक पाकीट विकत आणले तर त्याला दोष देणे हा अन्याय आहे. उलट घरी शिवलेला पोशाख हे चांगल्या आईपणाचे प्रमाणपत्र होऊन बसले, तर आपण मुलांच्या वाचनाच्या नावाखाली बायकांच्या पाठीवर आणखी एक ओझे चढवले असे होईल. घरच्या पोशाखाचे कौतुक करणारे पुष्कळ लोक हा हिशोब करत नाहीत. तो केल्याशिवाय माझ्या मताला काही किंमत नाही, असे मी समजते.

परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष 'म्हणून विकत घ्या' हा नाही. ज्या घराजवळ वेळ नाही त्याच्याजवळ बहुधा जास्तीचे पैसेही नसतात. अडचण पोशाख घरी करण्यात नसून मोठ्या माणसाने, गुपचूप, एका रात्रीत, पूर्ण आणि सुबक करण्यात आहे. या अटी कोणी घातल्या? गोष्टीने घातल्या नाहीत, मुलाने घातल्या नाहीत. त्या कार्यक्रमाच्या स्वरूपातून आल्या, आणि कार्यक्रमाचे स्वरूप संस्थेच्या हातात असते.

त्यातली सर्वांत घातक अट म्हणजे बक्षीस. पोशाखांची स्पर्धा ठेवली की परीक्षक काय पाहणार? शिवण पाहणार, चकाकी पाहणार, 'अगदी हुबेहूब' आहे का ते पाहणार. हे सगळे मोठ्यांच्या हातचे गुण आहेत. सहा वर्षांच्या मुलाच्या हातून सरळ टीप येत नाही आणि येऊही नये. म्हणजे बक्षीस जाहीर झाले त्याच क्षणी मूल स्पर्धेतून बाद झाले आणि पालक उतरले. स्वतः केलेला पोशाख घालून गेलेले मूल तिथे बापुडवाणे दिसते, कोणीतरी हसते, आणि पुढच्या वर्षी ते स्वतःच म्हणते की मला दुकानातला हवा. पालक मग म्हणतात, आमचे मूलच ऐकत नाही. मुलाचे काही चुकलेले नसते. त्याने परिस्थिती अचूक वाचलेली असते. तुलना दिसण्याची असेल तर घरची टोपी हरणारच. तुलनाच नसेल आणि प्रत्येकाला 'हे तू का केलेस' एवढेच विचारले जाणार असेल, तर मात्र डाग पडलेल्या कापडाजवळ सांगण्यासारखे जास्त असते.

म्हणून शाळांना आणि वाचनालयांना माझे कळकळीचे सांगणे आहे की पोशाख घरून मागवू नका, तो तुमच्याकडेच करू द्या. दोन तासिका पुरतात. आधी गोष्ट मोठ्याने वाचली जावी, मग मुलांनी आपले पात्र निवडून त्याची एकच वस्तू ठरवावी, अख्खा पोशाख नाही. कंदील, काठी, मुकुट, शेपटी, पत्र, किल्ली, टोपी, काहीही. ती वस्तू निवडणे हेच खरे काम आहे, कारण ती एकटीच पात्राची ओळख पटवणारी असली पाहिजे. सामान म्हणून जुने पुठ्ठे, वर्तमानपत्रे, चिंध्या, लोकरीचे तुकडे, सुतळी आणि डिंक एवढे भरपूर झाले. वर्षभर एका खोक्यात ते साठवत गेले तर आयत्या वेळी धावपळ होत नाही. नालीदार पुठ्ठ्याचे वळण नाल्यांना समांतर घेतले की तो गोल वाकतो आणि आडवे घेतले की मोडतो, हे मुलांना दाखवून द्यावे लागते. दुमडायच्या रेघेवरून आधी बोथट पट्टीची कड दाबून फिरवली की घडी सरळ पडते. असल्या दोन-चार युक्त्या मोठ्यांनी द्याव्यात आणि बाजूला व्हावे.

घरून काही आणायचे असेलच तर तीन आठवड्यांची मुदत द्यावी, आणि नेहमीचे कपडे चालतील हे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. काही मुलांना खरखरीत शिवण, चेहऱ्यावरचा रंग, डोक्यावरचा भार अजिबात सहन होत नाही. त्यांच्या हातात एक वस्तू असली तरी ती पूर्ण सहभागी आहेत. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाची खुर्ची पात्राचा भाग होऊ शकते, जहाज होऊ शकते, रथ होऊ शकते, पण ती व्हायची की नाही हे त्या मुलाने ठरवायचे. आणि एखाद्या पात्राचा वर्ण वेगळा आहे म्हणून मुलाचा चेहरा काळा किंवा गोरा रंगवणे कोणीही करू नये. पात्र त्याच्या वस्तूंवरून आणि कृतीवरून ओळखू येते. कोणाची कातडी हा पोशाख नसतो, आणि वर्गातल्या दुसऱ्या मुलाला त्याने काय वाटेल याचा विचार पोशाख करण्याआधीच व्हायला हवा.

सुरक्षिततेबद्दल इथेच सांगायला हवे, कारण घरच्या पोशाखाची जी एक खरी उणीव आहे ती याच बाबतीत आहे. बाजारातला पोशाख काही नियमांना बांधलेला असतो. घरी शिवणाऱ्याला ते नियम कोणी सांगत नाही. युरोपात मुलांच्या कपड्यांच्या नाड्या-दोऱ्यांसाठी ईएन १४६८२ हे मानक आहे, आणि त्यानुसार सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी किंवा डोक्यावरच्या टोपड्यापाशी ओढायची दोरी चालत नाही. कारण साधे आहे: ती घसरगुंडीत, दारात, वाहनात अडकते आणि गळा आवळला जातो. राजपुत्राची शाल किंवा परीचा झगा करताना आपण सर्वांत आधी काय करतो, तर गळ्याशी नाडी बांधतो. ती न बांधता खांद्यावर वेल्क्रोचे दोन तुकडे लावावेत, ओढले की सुटतील असे. मुखवट्याऐवजी कपाळावर पट्टी बांधून तिला कान किंवा शिंगे लावावीत, म्हणजे मुलाला बाजूचे दिसते आणि श्वास मोकळा राहतो. जाळीचे, झिरझिरीत, सैल लोंबणारे कापड आगीजवळ भलतेच धोक्याचे असते. सुती कापड भराभर पेटते, पॉलिएस्टर साधारण २६० अंश सेल्सियसला वितळून कातडीला चिकटते, लोकर मात्र सहजी पेट घेत नाही. घट्ट विणीचे, अंगाबरोबर बसणारे कापड त्यातल्या त्यात बरे, आणि असा पोशाख घातलेले मूल मेणबत्ती, दिवा, शेगडी यांच्या जवळपास जाऊ नये. चेहऱ्यावर रंग लावायचाच असेल तर आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून पाहावा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या पोशाखाला मणी, सुट्या गुंड्या, टिकल्या लावूच नयेत. त्या तोंडात जातात. हे सगळे एका कागदावर मावते, आणि तो कागद चिठ्ठीबरोबर पाठवणे संस्थेला मुळीच अवघड नाही.

कोणी म्हणेल की एवढा खल कशाला, मुलांना एक दिवस मजा करू द्या की. मजेला माझा विरोध नाही. एखाद्या मुलीला विकतचा राजकन्येचा झगा आवडला आणि तो विटेपर्यंत रोज घालून ती घरभर हिंडली, तर त्यात वाईट काही नाही. तो तिचा खेळ आहे आणि त्यात कोणी नाक खुपसू नये. पण शाळा जेव्हा पुस्तकाच्या नावाने दिवस ठरवते, तेव्हा त्या दिवसाने पुस्तकाकडे न्यावे एवढी अपेक्षा रास्त आहे. युनेस्कोने १९९५ साली २३ एप्रिल हा दिवस पुस्तकासाठी नेमला. त्या दिवशी किंवा एरवी कधीही, मुलाने पात्र बनण्याआधी ते पात्र पुन्हा एकदा वाचले गेले नसेल, तर आपण कपड्यांचा दिवस साजरा केला असे सरळ म्हणावे.

आणि मजेचे म्हणाल तर ती करण्यातच जास्त असते, हे मी पाहिले आहे. कार्यक्रम वीस मिनिटांचा होता. टोपीवर आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत ती गोष्ट आमच्याकडे रोज सांगितली गेली, रोज थोडी वेगळी. एकदा रंगाऱ्याच्या बाजूने, एकदा राजाच्या बाजूने, आणि एकदा त्या कापडाच्या तुकड्याच्या बाजूने, म्हणजे तो कोणाच्या कपड्याचा होता आणि वाटेवर पडला कसा. हा शेवटचा प्रश्न तिने मला विचारला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्याजवळ होते: तो राजाच्याच जुन्या अंगरख्याचा तुकडा होता, म्हणून तर टोपी पाहून राजाला इतका राग आला.

ढिला गोंडा कार्यक्रमाच्या दिवशी वाटेत गळून पडला. ती तीन गोंड्यांची टोपी घालून उभी राहिली, आणि चौथा कुठे आहे असे कोणी विचारले तर सांगायला तिने उत्तर तयार ठेवले होते. ते कोणी विचारले नाही, कारण त्या दिवशी मुलांना कोणी काहीच विचारले नाही. एकेकाला पुढे बोलावले, टाळ्या वाजवल्या, आणि तीन सुबक पोशाखांना बक्षिसे दिली.

म्हणून पुढच्या वेळी येणारी चिठ्ठी अशी असावी, असे मला वाटते: 'येत्या तीन आठवड्यांत आपल्या मुलाबरोबर त्याच्या आवडीची एक गोष्ट पुन्हा वाचावी. त्या गोष्टीतल्या एका पात्राची एक वस्तू मूल शाळेत येऊन स्वतः करील. सामान शाळेत आहे. घरून पोशाख पाठवू नये. स्पर्धा नाही, बक्षीस नाही. त्या दिवशी प्रत्येक मुलाला ही वस्तू का निवडली ते विचारले जाईल, आणि त्याचे सांगून होईपर्यंत सगळे थांबतील.'